डॉक्टरांचा बधिर ओठ

"आधी माझ्याशी भांडा, मग तोंड उघडा," असं म्हणून आमचे डॉक्टर खुर्चीशेजारच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसत. पेशंट गाल धरून कळवळतोय, बाकावर आणखी पाचसहा जण गालाला फडकी बांधून बसलेत, मी पिचकारी आणि सुया उकळून ट्रेमध्ये मांडून उभी, आणि हे बसलेत भांडणाची वाट बघत. दाताच्या डॉक्टरकडे माणूस भांडायला जातो का? नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, यांचा एखादा स्क्रू ढिला असावा.

त्यांचा दवाखाना परळला, भोईवाड्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर, एका चहाच्या हॉटेलाच्या माडीवर होता. मी मॅट्रिक होऊन नुकतीच गिरगावातून ट्रामने तिथे जाऊ लागले होते. घरच्यांना ती नोकरी मुळीच पसंत नव्हती. बाईमाणसाने परक्या माणसांच्या उघड्या जबड्यात काय बघायचं, असं माझ्या काकांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, जबडेच बघते, कुंडल्या बघत नाही. माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

तुमच्यातल्या ज्यांनी तो काळ पाहिला असेल त्यांना आठवेल, दात काढण्यापूर्वी हिरडीत टोचायच्या त्या सुईची लोकांना काय दहशत होती. दुखण्याची भीती एक वेळ समजू शकते, पण इथे भीती दुखायचं थांबण्याची! दुखत नाही म्हणजे आतलं काहीतरी मेलं, आणि मेलेलं परत जिवंत होईलच कशावरून? एकाला वाटे जीभ कायमची जड होणार, दुसऱ्याला वाटे वरची दाढ सुन्न केली की त्या बाजूचा डोळा जाणार. बायका तर सुईला भिऊन दुखरी दाढ तोंडात तशीच ठेवून लवंगा चावत वर्षं काढत.

त्यातून लोकांनी मनाशी पक्कं केलेलं होतं की मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची भूल देतात तीच ही भूल. आणि ती घ्यायची तर पोट रिकामं हवं. म्हणून माणसं आदल्या दिवसापासून पाणीसुद्धा न घेता येत. बायका तर मुद्दाम संकष्टी नाहीतर सोमवार बघून येत, म्हणजे उपासही होतो आणि दाढही निघते. मग उपाशी पोटी, भेदरलेल्या जिवाला सुई टोचली की ती बाई खुर्चीतच मान टाकी. डॉक्टर तिचे पाय वर धरून उभे, मी खालून गोड चहा मागवतेय, तोवर बाई गेल्याची बातमी जिना उतरून चाळीत पोचलेलीसुद्धा असे. एकदा एका बाईने शुद्धीवर येऊन चहात पाव बुडवला होता, आणि तिचा दीर हुंदके देत दारात हजर झाला. वहिनीला पाव खाताना पाहून तो आमच्यावरच उखडला. त्यानंतर डॉक्टरांनी दारातच विचारायला सुरुवात केली, "जेवलात का?" नाही म्हणणाऱ्याला ते परत खाली हॉटेलात पाठवीत.

आणि कोणी फारच हटून बसलं तर डॉक्टर आरसा घेत आणि स्वतःलाच टोचून घेत. खोटं नाही सांगत. आरशात बघून खालच्या ओठाच्या आत, शांतपणे. थोड्या वेळाने ओठाची एक बाजू लोंबायला लागे, बोलणं बोबडं होई, आणि ते पेशंटला म्हणत, आता चिमटा काढा. बातमी फुटली की जिन्यात गर्दी जमे. नायगावची एक मासळीवाली होती, तावडेमावशी. तिने असा चिमटा काढला की मलाच कळ आली. डॉक्टर आपले हसताहेत. त्या दिवशी दुपारचा डबा खाताना त्यांनी पोळीबरोबर स्वतःचा ओठ चावला, आणि शर्टावर रक्ताचा डाग पडेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. मी ओरडले. ते म्हणाले, "बघा, किती चांगलं औषध आहे." मला त्यांचा राग येई आणि त्या रागाच्या आड मायाही वाटे. पन्नाशीला आलेला, एकटा राहणारा माणूस, लोकांनी घाबरू नये म्हणून स्वतःचं तोंड भोसकून घेतो, हे काही मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. गोळीबार होऊन गेले होते, कर्फ्यू लागून उठला होता. गिरण्यांच्या भोंग्याइतक्याच नेमाने सभा होत. आमच्या बाकावरसुद्धा दाढा धरून माणसं मुंबई कोणाची यावर वाद घालीत. आणि आसपासच्या चाळींमध्ये कुठल्या कुठल्या खोल्यांतून पत्रकं निघत, पोलिसांना हवी असलेली पोरं लपलेली असत. सगळ्यांना ठाऊक असे आणि कोणी बोलत नसे.

अशात एक दिवस परब आला. गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम करणारा मालवणकडचा माणूस, उंचनिंच, मितभाषी. खालची दाढ कुजून गाल टरारला होता. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "डॉक्टरानू, दाढ वडा. पन सुई नको."

डॉक्टरांनी हाताची घडी घातली. "भांडा."

परबने माझ्याकडे पाहिलं. मी काही हलले नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्या मेव्हण्याक इस्पितळात भूल दिली हुती. घरातला, भायरला, सगळा बरळलो तो. माझ्या पोटात जा काय आसा, ता माझा एकट्याचा नाय."

मला हसू येणार होतं. डॉक्टरांकडे पाहिलं आणि गिळलं. ते अतिशय गंभीर झाले होते. त्यांनी समजावून सांगितलं की ती भूल सगळ्या शरीराला, मेंदूला असते, ही फक्त हिरडीला आणि ओठाला. माणूस पूर्ण शुद्धीत राहतो, जे लपवायचं ते खुशाल लपवू शकतो. परब म्हणाला, सगळेच आधी असं सांगतात. तशीच काढा. डॉक्टर म्हणाले, तशी मी काढत नाही. तुम्ही मान झटकणार, दाढ मोडणार, मुळं आत राहणार.

दोघेही ऐकेनात. शेवटी डॉक्टरांनी आरसा घेतला. जिन्यात कुजबुज सुरू झाली, बाकावरचे उठून दारात आले. डॉक्टरांनी टोचून घेतलं, ओठावर चिमट्याने टकटक करून दाखवलं आणि लोंबत्या ओठाने म्हणाले, "आता विचारा मला काय हवं ते. न सांगण्यासारखं विचारा. मी लपवून दाखवतो."

परबने विचार केला. आणि विचारलं, "थय गिरगावात तुमच्या खुर्चीत एक बाई मेली, ह्या खरा?"

डॉक्टरांचा आधीचा दवाखाना गिरगावात होता. ती वदंता मीही गिरगावात ऐकली होती, पण विचारायचं धाडस केलं नव्हतं. दारातली माणसं आणखी आत सरकली. एक "नाही" म्हणायचं होतं. नव्हे, "नाही" म्हणून दाखवणं हाच तर त्या खेळाचा मुद्दा होता.

"खरं," डॉक्टर म्हणाले.

आणि मग थांबलेच नाहीत. बाई तरुण होती, सासूबरोबर आली होती. त्यांनी विचारलं, काही त्रास होतो का? तर तिने मान खाली घातली आणि उत्तर सासूने दिलं, काही नाही, चांगली धडधाकट आहे. जिना चढताना तिला धाप लागे, हे दोघींनाही माहीत होतं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. औषधाने छाती धडधडायला लागली तेव्हाही ती बोलली नाही, नुसती त्यांची बाही धरून राहिली. "तिने भांडायला हवं होतं माझ्याशी," ते म्हणाले. "मी तिला भांडायला लावायला हवं होतं." ओठ सुन्न असल्याने हे सगळं बोबडं, ओघळत बाहेर पडत होतं, आणि कोणालाही हसू येत नव्हतं.

परब खुर्चीतून उतरला. त्याने डॉक्टरांना हात जोडले. "तुमी देवमानूस आसात," तो म्हणाला. "पन बगलास मा? सुयेन तुमच्या पोटातला काढल्यानच."

आणि तो निघून गेला. त्याच्यामागून बाक रिकामं झालं.

मी इतकी संतापले की आवरेना. एक खोटं बोलायला काय झालं होतं, असं मी त्यांना विचारलं. ते बेसिनपाशी उभे राहून ओठाला पाणी लावत होते. म्हणाले, "त्याने विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला विचारलं. त्याला खोट्यावर कसं ठरवू देऊ?" मला ते पटलं नाही. तसं पाहिलं तर आजही पुरतं पटलेलं नाही.

परबने ती दाढ रस्त्यावर बसणाऱ्या एका दातवाल्याकडून काढून घेतली. सुई नाही, काही नाही, दोघांनी खांदे दाबून धरले आणि त्याने गंजक्या पक्कडीने ओढली. अर्धी आली, अर्धी आत राहिली. चाळीत त्याच्या धीराचं कौतुक झालं म्हणे. त्याच आठवड्यात त्याची बायको त्याला धरून आमच्या जिन्यावरून वर घेऊन आली. सूज हनुवटीखालून गळ्यापर्यंत उतरली होती. जबडा जेमतेम बोटभर उघडत होता आणि शब्द जाडे, घोगरे येत होते. डॉक्टरांनी गळ्याला हात लावला आणि मला टॅक्सी आणायला पिटाळलं.

इस्पितळात सर्जन म्हणाले, गळा आत्ताच्या आत्ता कापून घाण काढायला हवी, आणि त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल. परबने ते ऐकलं. त्याने मान हलवायचा प्रयत्न केला, हलली नाही. मग त्याने डॉक्टरांचं मनगट धरलं. इतक्या दुखण्यात त्या माणसाचे डोळे फक्त एवढंच सांगत होते, पोटातलं बाहेर पडू देऊ नका. डॉक्टर वाकून म्हणाले, "मी आत येतो. तुमच्या तोंडाशी मीच उभा राहतो. दुसऱ्या कोणाच्या कानावर काही जाऊ देत नाही." तेव्हा कुठे मनगट सुटलं.

त्याची बायको दूर व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसली होती. मी परबचा सदरा हातात घेऊन दाराशी उभी होते, आणि दार नीट लागलेलं नव्हतं. त्यामुळे मी ऐकलं. भूल चढता चढता परब बोलू लागला. नावं. कुठली चाळ, कितवा माळा, कुठल्या खोलीत पत्रकं छापायचं यंत्र, पोटमाळ्यावर कोण लपलंय. त्याला जे गाडून ठेवायचं होतं ते सगळं. डॉक्टरांनी आपलं मोठ्याने सुरू केलं, "श्वास घ्या, परब, श्वास घ्या, लांब श्वास घ्या," त्याच्या आवाजावर आवाज चढवून, अक्षरशः ओरडून. सर्जन त्यांच्यावर खेकसले. ते थांबले नाहीत. मधूनच परबचा आवाज वर आला, आणि एका बाईचं नाव पुन्हा पुन्हा ऐकू आलं. भागीरथी. भागीरथी. मला वाटलं, असेल चळवळीतली कोणी.

त्याच संध्याकाळी परब गेला. गळा आतून मिटला होता, श्वासाला वाट राहिली नाही.

डॉक्टर मला ट्रामपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "त्याची भीती खरी होती. मी त्याला म्हटलं, असं काही होत नाही." मी म्हटलं, तुम्ही हिरडीच्या सुईबद्दल बोललात, ते खरंच होतं. ते म्हणाले, "मी ती दाढ तशीच काढायला हवी होती." तेवढ्यात ट्राम आली आणि मी चढले. मी ट्रामच्या खिडकीतून मागे पाहिलं तर ते थांब्यावर तसेच उभे होते.

आणि मग दोनतीन दिवसांत पोलिसांनी त्या खोलीवर छापा घातला. यंत्र नेलं, दोन पोरांना धरून नेलं. कोणी सांगितलं? आत नर्स होत्या, वॉर्डबॉय होते. कदाचित त्यांच्यापैकी कोणी नसेलही, पोलीस आधीपासून वासावर असतील. मला कळलं नाही, डॉक्टरांनाही कधी कळलं नाही. पण चाळीला एवढं पुरेसं होतं की परबला इस्पितळात भूल दिली होती. त्याची शोकसभा ठरली होती, ती लांबली. नळावर बायका परबच्या बायकोची बादली बाजूला सारू लागल्या. तिच्या पोरांना खेळात घेईनात. घरात सुतक असलेल्या बाईशी माणसं अशी वागतात, हे मी तावडेमावशीकडून ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टर पुढे चारपाच वर्षंच जगले. महाराष्ट्र झाला तेव्हा त्यांनी दवाखान्याला तोरण लावलं आणि त्यानंतरच्या थंडीत झोपेतच गेले. हॉटेलाच्या माडीवर आता शिवणाचे क्लास चालतात. त्या शेवटच्या वर्षांत त्यांनी पुन्हा कधी स्वतःला टोचून घेतलं नाही. "भांडा" म्हणत, पण समोरचा भांडायला लागला की त्यांचं लक्ष कुठेतरी जाई. मालवणकडचा पेशंट आला की मात्र ते दाढेआधी गाव विचारत, आणि तिथे कोणी परब राहतात का, अशी चौकशी करत. लोकांना वाटे म्हाताऱ्याला कोकणाचं वेड आहे. कशाचं वेड होतं ते मला माहीत आहे, कारण ती दुपार मी पाहिली.

छाप्यानंतरच्या त्या दुपारी चाळीतली चार पुढारी माणसं आमच्याकडे आली. परबची बायको त्यांच्यामागे होती, डोक्यावरून पदर ओढलेला. बाकावरच्या पेशंटांना मी खाली पाठवलं. पुढाऱ्यांतला वयस्क म्हणाला की डॉक्टर, आम्ही तुमच्या शब्दावर जाणार. जो माणूस सगळ्यांसमोर आपल्या खुर्चीत बाई मेल्याचं कबूल करतो, तो आमच्याशी खोटं बोलणार नाही. तुम्ही आत होतात. तो काही बोलला?

मला ते बेसिनपाशी उभे असलेले डॉक्टर आठवत होते. हा माणूस "खरं" म्हणणार, आणि ही बाई आयुष्यभर चाळीत तोंड लपवून राहणार, याची मला इतकी खात्री होती की मी ट्रे हातातून खाली ठेवला.

"एक अक्षरही नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज स्वच्छ होता, नजर त्या माणसाच्या नजरेत. "मी त्याच्या तोंडाशी उभा होतो. शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही."

वयस्क माणसाने डोळे पुसले. चौघांनी डॉक्टरांना नमस्कार केला. शोकसभा रविवारी घेऊ, फोटोला हार तुमच्याच हस्ते, असं ते म्हणाले आणि दाराबाहेर जाऊन चपला शोधू लागले. डॉक्टरांच्या तोंडाला घाम फुटला होता. आयुष्यभर जपून ठेवलेलं एकच नाणं त्यांनी खर्च केलं होतं, आणि ते योग्य ठिकाणी खर्च झालं होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

परबची बायको गेली नाही. ती खुर्चीपाशी उभी राहिली. दोन दिवसांनी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीने मुलांना घेऊन गावी जायचं आहे, असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. ती तरी हलेना. मग खाली बघत, अगदी लहान आवाजात म्हणाली:

"डॉक्टरानू, त्येंनी माझा नाव कधी घेवक नाय. घरात 'अगो' म्हनत, तेवढाच. माका वाटला, त्या भुलीत तरी एकदा घेतल्यानी काय? माझा नाव भागीरथी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि जिन्याच्या तोंडाशी ती चार माणसं तिच्यासाठी खोळंबून उभी होती, एक जण तर आत वाकून बघत होता.

"नाही हो, बाई," डॉक्टर म्हणाले. "काहीच बोलले नाहीत."

"बरा," ती म्हणाली, आणि त्या माणसांच्या मागून जिना उतरून गेली.